केशरी रोबोटांची बाजू

आमच्या घरातला सगळ्यात मोठा निर्णय एका जपानी सिनेमाने घेतला, असं मी म्हटलं की बाबा अजून चिडतात. त्यांच्या मते तो त्यांनी घेतला. आई म्हणते तिने. दोघांचं ऐकून घ्यावं आणि मग माझं ऐकावं, कारण त्या दिवशी मी टीव्हीच्या पुढ्यात, अगदी नाक लावून बसले होते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बाबा केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात होते आणि आम्ही सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. दोन खोल्या, मागे न्हाणीघर, पुढे गवताचा तुकडा. त्या गवतावर माझ्या आईचा दरबार भरायचा. थंडीच्या दिवसांत दुपारी कॉलनीतल्या बायका खाटा टाकून उन्हात बसायच्या. कोणी मटार सोलायची, कोणी स्वेटर विणायची, आणि आई आदल्या रात्रीची मालिका सांगायची. ज्यांनी पाहिली नव्हती त्या तर ऐकायच्याच, पण ज्यांनी पाहिली होती त्याही ऐकायच्या. कारण मूळ मालिकेत जी सून नुसती रडायची, ती आईच्या गोष्टीत रडून झाल्यावर सासूला दोन शब्द सुनावायची. आईचं हिंदी थेट सांगलीचं होतं, पण पंजाबी, बंगाली, मल्याळी सगळ्या बायका सुया थांबवून तिच्या तोंडाकडे बघत राहायच्या. आई माझी मोठी नटी झाली असती, असं मला तेव्हाही वाटायचं आणि आताही वाटतं.

आणि नेमकं तेव्हाच बाबांच्या सोसायटीचा फ्लॅट तयार झाला. यमुनेपलीकडे, उत्तर प्रदेशाच्या हद्दीत, नोएडात, तिसऱ्या मजल्यावर.

त्या काळात दिल्लीतल्या सगळ्या बाबूलोकांना नदीपलीकडची जमीन दिसायला लागली होती. देश खुला झाला म्हणे, आणि खुला झाला म्हणजे काय, तर जिथे गव्हाची शेतं होती तिथे सेक्टर झाले. सेक्टरला नंबर होता, पण दुकान नव्हतं. रस्ता होता, पण बस नव्हती. नळ होते, पाणी टँकरने यायचं. बाबा मात्र प्रत्येक रविवारी आम्हाला स्कूटरवर कोंबून तिकडे घेऊन जायचे आणि रिकाम्या हॉलमध्ये उभे राहून म्हणायचे, "बघ, हवा कशी येते!" खिडक्यांना अजून काचा लागायच्या होत्या, त्यामुळे हवा येणारच होती.

बाबांची थट्टा केली तरी त्यांचं मन मला कळत होतं. आमच्या घराण्यात कोणीच स्वतःच्या नावाची पाटी दारावर लावली नव्हती. आजोबांचा जन्म भाड्याच्या खोल्यांत गेला. बाबांनी पाटी आधीच करून घेतली होती, पितळेची, आणि ती कपाटात पंच्यात गुंडाळून ठेवली होती. कधीकधी ते ती काढून पुसायचे. तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नसे.

आईचं म्हणणं एकच होतं. "तिथे मी बोलू कोणाशी? भिंतींशी?"

तिच्या म्हणण्यात खोट काढायला जागा नव्हती. त्या इमारतीत जी थोडी कुटुंबं राहायला आली होती ती दारं लावून बसायची. जिन्यात कोणी भेटलं तर मान हलवून पुढे जायचं. शेवटी तडजोड अशी ठरली, की गणपती होईपर्यंत विचार करायचा. एका प्रॉपर्टी डीलरने गिऱ्हाईक आणलंच होतं. गणपती झाल्यावर, मंगळवारी, त्याला हो की नाही ते सांगायचं होतं. आईला नको असेल तर फ्लॅट विकायचा. असं बाबांनी स्वतःच्या तोंडाने कबूल केलं, आणि त्या रात्री ते जेवले नाहीत.

पण दुसऱ्या दिवशी त्यांच्या डोक्यात एक कल्पना आली. या वर्षीचा दीड दिवसाचा गणपती नव्या फ्लॅटमध्ये बसवायचा! देव बसला की घराला घरपण येतं, आणि कॉलनीतली सगळी मराठी मंडळी दर्शनाला आली की आईला तिथे परकं वाटणार नाही. आई म्हणाली, "अहो, हे हात दाखवून अवलक्षण आहे. नदी ओलांडून कोण येणार आहे तुमच्या जंगलात?" पण देवाला नाही कसं म्हणणार. ती तयार झाली.

लोक येणार कसे, इथेच घोडं पेंड खात होतं. मोठ्यांनी "बघू, जमवू" असं म्हटलं, आणि मराठी माणूस "बघू" म्हणाला की समजावं. तेव्हा बाबांनी मुलांना फोडायचं ठरवलं. माझा भाऊ तेव्हा रोबोटांच्या नादाने वेडा झालेला होता. केबलवर कधीमधी दिसणारी जपानी कार्टूनं, त्यातले इमारतीएवढे रोबोट, त्यांच्या छातीत बसून त्यांना लढवणारी माणसं. कॉलनीतली सगळीच पोरं त्या नादात होती. बाबांच्या ऑफिसातल्या एकाचा भाऊ मानेसरकडे नव्याने निघालेल्या मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यात होता. तिथला एक जपानी इंजिनिअर बायकामुलांसह मायदेशी परत गेला आणि जाताना मुलांच्या व्हिडिओ कॅसेटी मागे ठेवून गेला. त्यातली एक फिरत फिरत बाबांच्या हातात आली. वेष्टणावर आग ओकणारा एक अजस्र रोबोट होता आणि खाली आम्हाला न वाचता येणारी अक्षरं.

बातमी कॉलनीत फुटायला वेळ लागला नाही. शनिवारपर्यंत प्रत्येक मराठी घरात पोरांनी आईबापांचं डोकं खाल्लं होतं.

भाड्याचा व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही आणायला बाबांबरोबर मीही गेले होते. दुकानदार म्हणाला, जपानी कॅसेट साध्या मशीनवर चालणार नाही, चित्र काळं-पांढरं दिसेल आणि वरखाली पळेल. मग बाबांनी दुसऱ्या बाजारातून, मिनतवाऱ्या करून, सगळ्या देशांच्या कॅसेटी चालणारं मशीन मिळवलं. एवढी धडपड केली नसती आणि चित्र काळं-पांढरं दिसलं असतं, तर पुढचा सगळा घोटाळा टळला असता.

रविवारी सकाळी शाडूची मूर्ती बसली. कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या जुन्या अतिथिगृहात बाबांच्या ओळखीचे एकजण होते, त्यांनी ती पुण्याहून आलेल्या खोक्यातून वेगळी काढून ठेवली होती. दुपारपर्यंत कॉलनीतली मंडळी एकेक करून येऊ लागली. पोरं धावत, मोठे कपाळाला आठ्या घालून. "काय हो, कुठे येऊन राहिलात!" असं प्रत्येकाने दारातच म्हटलं आणि प्रत्येक वेळी आईने बाबांकडे बघितलं.

सगळ्यांत शेवटी काका आले. काका म्हणजे बाबांचे ऑफिसातले मित्र, मूळचे साताऱ्याकडचे. ईदला त्यांच्या घरून आम्हाला शीरखुर्मा यायचा आणि गणपतीत आरतीला त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर असायचा. त्यांना एकच खूळ होतं, पानिपत. त्यांचे कोणी पूर्वज मराठ्यांच्या तोफखान्यात होते म्हणे, आणि त्या लढाईत पडले. त्यामुळे काका पानिपतावर असे बोलायचे, की जणू ती गेल्या आठवड्यात झाली आणि चौकशी अजून चालू आहे. दरवर्षी हिवाळ्यात ते कॉलनीतल्या मराठी लोकांना बसने पानिपतला घेऊन जायचे. तिथे स्मारकापाशी सगळ्यांचे डोळे पाणवायचे. मग सगळे बाजारात जाऊन चादरी आणि रजया घ्यायचे, कारण तिथे त्या स्वस्त मिळतात.

मोदक झाले, पंगत झाली, आणि सिनेमा लागला.

पहिल्या मिनिटालाच कळलं की सगळा मामला जपानीत आहे. खाली इंग्रजी ओळी नाहीत, काही नाही. पडद्यावर दोन माणसं तावातावाने बोलत होती आणि हॉलभर मराठी माणसं 'आता काय' म्हणून एकमेकांकडे बघत होती. पोरांची चुळबुळ सुरू झाली. एक काकू चपला शोधायला लागल्या. बाबा कॅसेटचं वेष्टण उलटसुलट करून पाहत होते, जसं काही त्यावर कुठेतरी मराठी सापडणार होतं.

तेवढ्यात पडद्यावर नदी आली, आणि नदीतून एकामागून एक रोबोट बाहेर पडायला लागले. प्रचंड. पायांतून पाणी निथळतंय, हातात भाले, आणि डोक्यापासून पायापर्यंत रंग केशरी. नुसता केशरी नाही, अगदी आपला, झेंड्याचा! पलीकडच्या तीरावर दुसरी फौज उभी होती, राखाडी रंगाची.

"आपले आले!" काका उठूनच उभे राहिले.

झालं. आता कोणाला विचारायची गरजच उरली नाही. दिल्लीत राहून, ऑफिसात हिंदी आणि साहेबापुढे इंग्रजी बोलून ज्यांची जीभ थकली होती ते सगळे लोक सरसावून बसले. आणि स्वयंपाकघराच्या दारातून पदराला हात पुसत आई म्हणाली, "हे बघा, त्यांचा मुलूख त्या राखाडी लोकांनी बळकावलाय. हे आता परत घ्यायला आलेत."

"तुला कसं कळलं?" माझ्या भावाने विचारलं.

"चेहऱ्यावरून कळतं. गप्प बस आणि बघ."

ती टीव्हीशेजारी पाटावर बसली, आणि मग तिने जी गोष्ट सुरू केली तिला तोड नाही. पडद्यावर ओठ हलले की आई बोलायची. केशरी सेनापती उंच होता, पांढऱ्या केसांचा, गालावर व्रण. आईने त्याला भारदस्त आवाज दिला. राखाडी बाजूची एक मुलगी होती, ती सारखी रडायची. आई म्हणाली, "हिच्या रडण्यावर जाऊ नका, नाटकी आहे." चष्मेवाला एक म्हातारा शास्त्रज्ञ कागद घेऊन धावत होता. "फितूर! नकाशे विकायला निघालाय मेला." मुलांनी त्या म्हाताऱ्याला पोटभर शिव्या घातल्या. आमच्या कॉलनीतल्या पोरांना 'फितूर' हा शब्द ठाऊक नव्हता. तो त्या दिवशी सगळ्यांना पाठ झाला आणि पुढे वर्षभर क्रिकेटमध्ये अंपायरला उद्देशून वापरला गेला.

मध्येच केशरी सेनापतीने रोबोटाच्या छातीचं दार उघडलं आणि तो शिडीवरून खाली उतरायला लागला. त्याबरोबर हॉलमधली सगळी मोठी माणसं एका आवाजात ओरडली, "उतरू नको!"

मी दचकले. नंतर बाबांनी समजावलं, की पानिपतात सेनापती हत्तीवरून उतरला, अंबारी रिकामी दिसली, तो पडला असं फौजेला वाटलं आणि फौज फुटली. त्यामुळे मराठी माणसाला उंचावरून खाली उतरणारा सेनापती बघवत नाही, मग तो जपानी का असेना. काका तर हात जोडून त्या पडद्याला विनवत होते, "बाबा रे, एकदा चुकलो आपण, पुन्हा नको." पण सेनापती पाणी पिऊन परत वर चढला आणि सगळ्यांनी श्वास सोडला.

आता निकराची लढाई सुरू होणार, केशरी फौज राखाडी शहराच्या वेशीवर उभी, भाले उगारलेले, आणि वीज गेली.

नोएडात वीज जाणं ही बातमी नव्हती. सोसायटीचा जनरेटर फक्त पाण्याच्या पंपापुरता होता. भाद्रपदातली दुपार, पंखे थांबले, घामाच्या धारा. पोरांनी असा आक्रोश केला की बाबांचा चेहरा पडला. मला तेव्हा त्यांची खरोखर दया आली.

आई मात्र पाटावरून हलली नाही. "वीज गेली म्हणून लढाई थांबते का रे?" ती म्हणाली. आणि तिने पुढची लढाई तोंडानेच सुरू केली. वेशीचा दरवाजा कसा फुटला, केशरी फौज कशी घुसली, फितुराला कसं धरलं. तोफांचे आवाज काकांनी काढले, तो त्यांचा घराण्याचाच विषय होता. पोरं खाली मान घालून ऐकत नव्हती, उड्या मारत होती.

वीज गेल्यामुळे इमारतीतले बाकीचे लोकही उकाड्याने दारं उघडून जिन्यात आले होते. त्यांनी हा धडाका ऐकला. आधी एक डोकं दारात दिसलं, मग चार. दुसऱ्या मजल्यावरच्या बीजी, म्हणजे एक पंजाबी आजी, हातात पंखा घेऊन सरळ आत आल्या आणि पलंगच नसल्यामुळे माझ्या शेजारी सतरंजीवर बसल्या. "की हो रया है, पुत्तर?" त्यांनी आईला विचारलं.

आईने एक क्षणही न घालवता हिंदी सुरू केलं. "देखो बीजी, ये केसरी वाले अपने हैं. बिल्कुल सीधे लोग. और वो राखाडी वाले बदमाश."

राखाडी म्हणजे काय ते बीजींना कळलं असेल-नसेल, पण बदमाश कळलं. त्या मान डोलवायला लागल्या. जिन्यातली माणसं भिंतीला टेकून बसली. एक बंगाली बाई, एक तमिळ नवरा-बायको, कोणाची तरी बहीण. आईने त्यांच्यासाठी मागची सगळी गोष्ट थोडक्यात सांगितली आणि शेवटी केशरी फौजेला असा काही विजय मिळवून दिला की टाळ्या झाल्या. त्याच टाळ्यांत वीज आली.

"चला, आता खरी जीत बघा!" काका म्हणाले आणि बाबांनी बटण दाबलं.

वेशीचा दरवाजा फुटला, आईने सांगितला तसाच. केशरी फौज आत घुसली. सेनापतीने हात वर केला. आणि रोबोटांनी घरांना आगी लावायला सुरुवात केली. साधी घरं होती, वाळत घातलेले कपडे दिसत होते. एक बाई पोराला उराशी धरून धावत होती आणि एक केशरी पाय तिच्या मागे येत होता. मग सेनापतीचा चेहरा जवळून दाखवला. तो हसत होता.

आईचं तोंड उघडं ते उघडंच.

माझ्या भावाने वळून विचारलं, "आई, म्हणजे आपण व्हिलन आहोत?"

काकांनी घसा साफ केला. "गनिमी कावा असेल." पण त्यांच्या आवाजात जीव नव्हता.

आईने बाबांना कॅसेट थांबवायला सांगितलं. चित्र थरथरत उभं राहिलं. ती उठली, पदर खोचला आणि सगळ्यांकडे तोंड करून म्हणाली, "माझं चुकलं. रंग बघितला आणि आपले म्हटलं. बाकी काही बघितलंच नाही." मग बीजींकडे वळून, "बीजी, गलती हो गई. ये अपने वाले नहीं हैं."

मला वाटलं, संपलं. आता सगळे हसतील, कॉलनीतल्या काकू हे वर्षभर सांगत फिरतील, आणि आई या घरात पुन्हा पाऊल टाकणार नाही.

बीजींनी पंखा हलवत सांगितलं, "कोई गल नहीं. टीम बदल ले. शुरू से लगा."

"शुरू से! शुरू से!" पोरांनी कल्ला केला. आणि कोणी हसलंच तर ते आनंदाने. कॅसेट उलटी फिरवून होईपर्यंत आईने चहा टाकला, बंगाली बाई आपल्या घरून कप घेऊन आल्या आणि तमिळ जोडप्याने मुरुक्कूचा, म्हणजे त्यांच्याकडच्या चकलीचा, डबा उघडला. बीजींनी तिसरा मोदक खाऊन निर्णय दिला की ही भाप वाली गुजिया, म्हणजे वाफवलेली करंजी आहे, पण तूप पंजाब्यांसारखं सढळ हाताने घातलंय.

सिनेमा पुन्हा पहिल्यापासून लागला. तेच चित्र, तेच आवाज, आणि गोष्ट साफ वेगळी. नाटकी म्हणून जिला हसलो ती मुलगी खरंच रडत होती, तिचा भाऊ नदीच्या लढाईत पडला होता. चष्मेवाला म्हातारा फितूर नव्हता, तो शहरातल्या लोकांना पळा म्हणून सांगायला धावत होता. कोणीच त्याचं ऐकत नव्हतं, आणि मघाशी शिव्या घातल्यामुळे आम्हा पोरांना फार वाईट वाटत होतं. एक पोरगा तर "सॉरी अंकल" म्हणाला. आई एक वाक्य मराठीत, एक हिंदीत असं सांगत होती, आणि यावेळी ती सांभाळून सांगत होती. केशरी फौजेतलाही एक तरुण शिपाई भाला टाकून बाजूला होतो, तो पहिल्या वेळी आम्हाला दिसलाच नव्हता. आईने त्याला आता आवाज दिला. तिने दिलेल्या आवाजात तो म्हणाला, "हे मला नाही जमणार." जपानीत तो काय म्हणाला, देव जाणे.

शेवटी जळत्या घरांमध्ये राखाडी फौजेचा सेनापती थांबला. खाली धुरात एक मूल एकटं उभं होतं. सेनापतीने छातीचं दार उघडलं आणि शिडीवर पाय ठेवला.

काका सवयीने अर्धे उठले. "उतरू..." मग ते थांबले. पडद्याकडे बघत राहिले. आणि हळूच म्हणाले, "उतर बाबा. उतर."

तो उतरला, त्याने मुलाला उचललं, आणि काकांनी चष्मा काढून पुसला. पानिपतच्या स्मारकापाशीही मी त्यांना इतकं रडताना पाहिलं नव्हतं. इकडे हॉलमध्ये इतका जल्लोष झाला की वरच्या मजल्यावरचे उरलेसुरले लोकही खाली आले, आणि मग सगळ्यांनी मिळून आरती केली. आरती इमारतीतल्या कोणालाच येत नव्हती, टाळ्या सगळ्यांना येत होत्या. जाताना बंगाली बाईंनी आईला विचारलं, "दीदी, आप रोज़ बताते हो?" आई लाजली. मी तिला लाजताना पहिल्यांदाच बघितलं.

फ्लॅटबद्दल मात्र ती एक अक्षर बोलली नाही. बाबांची विचारायची छाती झाली नाही. सकाळी ते उगीचच खिडकीपाशी उभे होते आणि हवा कशी येते हेही म्हणाले नाहीत.

सोमवारी दुपारी बीजींच्या मुलाने आम्हाला त्याच्या गाडीतून यमुनेवर सोडलं, ओखल्याच्या पुलाजवळ, दिल्लीच्या बाजूला. तिथून रिक्षाने क्वार्टरवर परत जायचं होतं, उद्या आमची शाळा होती आणि बाबांना डीलरला उत्तर द्यायचं होतं. पाणी काळपट होतं, पण मूर्ती त्यात छान विरघळत गेली. भाऊ रडला. मग आईने खाली वाकून काठावरची मूठभर वाळू रिकाम्या पाटावर घेतली. आमच्याकडे विसर्जनाहून रिकाम्या पाटाने परतत नाहीत. ती वाळू घरी आणतात आणि चिमूटभर घरात सगळीकडे टाकतात.

रस्त्यावर बाबांनी रिक्षा थांबवली. "सरोजिनी नगर."

"बैठो," रिक्षावाला म्हणाला.

आई पाट धरून उभीच राहिली. "अहो, ही वाळू कुठे टाकायची?"

"क्वार्टरमध्ये टाकू की."

"गणपती क्वार्टरमधून निघाला का?"

बाबा तिच्याकडे बघत राहिले. मला वाटतं त्यांना ऐकू आलं होतं, पण विश्वास बसत नव्हता. आईने रिक्षावाल्याला विचारलं, "नोएडा चलोगे, भैया?"

"यूपी में नहीं जाता मैं."

"मग राहू दे," आई म्हणाली, मराठीतच, आणि पाट दोन्ही हातांनी समोर धरून पुलावरून चालायला लागली, नोएडाच्या दिशेने.

रिक्षावाल्याने मागून हाक मारली, "अरे, पैदल कहाँ जा रहे हो?"

बाबा तोवर धावायलाच लागले होते. धावता धावता वळून, अख्ख्या पुलाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, ते ओरडले, "घर!"